कमळाच्या टाक्यातले टॅडपोल गेले कुठे? नागपुरातल्या एका अंगणाचं प्रकरण

तक्रार एका वाक्याची होती: "कोणीतरी पाण्यात औषध टाकलं." बेसा भागातल्या एका घराच्या मागच्या अंगणात कमळासाठी बांधलेलं सिमेंटचं टाकं आहे. लांबी ३ मीटर, रुंदी २ मीटर, पाणी अर्धा मीटर, म्हणजे साधारण ३,००० लिटर. जूनच्या शेवटी पहिला दणक्याचा पाऊस झाला, त्या रात्री टाक्यावर भेकांची जत्रा भरली. सकाळी कमळाच्या देठांभोवती काळ्या मण्यांच्या दुहेरी माळा गुंडाळलेल्या होत्या. दोन दिवसांत अंडी फुटली, आठवड्याभरात काठाकाठाने काळ्या टॅडपोलांचे, म्हणजे भेकांच्या शेपटीवाल्या पिल्लांचे, थवे फिरू लागले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात थवे विरळ झाले आणि पंधरा तारखेच्या सुमारास मोजून शे-दोनशे टॅडपोल उरले.

भेक म्हणजे अंगभर चामखिळी असलेला, उड्या कमी मारणारा, तुळशीवृंदावनाखाली किंवा न्हाणीच्या पाइपात दिवसभर बसून राहणारा आपला नेहमीचा गडी. शास्त्रीय नाव दत्ताफ्रायनस मेलानोस्टिक्टस. त्यातला 'दत्ता' म्हणजे बेडकांचे अभ्यासक सुशीलकुमार दत्ता. २००६ साली या गटाला त्यांचं नाव मिळालं. एक मादी हजारोंनी अंडी घालते, तेव्हा बहुतेक पिल्लं मरणारच, हे गृहीत आहे. पण पंधरा दिवसांत थवेच्या थवे नाहीसे झाले की कारण शोधायला हवं, आणि ते शोधण्याआधी पाणी उपसून टाकायला नको. घरचे नेमकं तेच करायला निघाले होते.

मेलेल्याकडे आधी पाहा

विष, क्लोरीन किंवा प्राणवायूची कमतरता यांनी मेलेला टॅडपोल अख्खा असतो. तो फुगतो, पांढुरका पडतो, तळाशी किंवा पाण्यावर दिसतो आणि बहुतेक एकाच सकाळी सगळे मेलेले सापडतात. मासा, बगळा किंवा दिवड खाऊन गेली तर मागे काहीच राहत नाही. चतुराची अळी चावून खाते, त्यामुळे शेपटीचे तुकडे किंवा अर्धवट धड मिळतं. आणि पाण्यावर काळसर सालपटासारखी रिकामी कातडी तरंगत असेल, आत काहीच नसेल, तर टोचून शोषणारा किडा आहे हे नक्की.

टाक्यातून चहाच्या गाळणीने अशी वीसेक सालपटं काढून पांढऱ्या बशीत ठेवली. भिंग लावल्यावर काहींवर शेजारी शेजारी दोन भोकं दिसली, काहींवर एकच. दोन भोकं बहुधा पाणभुंग्याच्या अळीची. तिचे जबडे विळ्यासारखे वाकडे आणि आतून पोकळ असतात. दोन्ही रुतवून ती पाचकरस आत सोडते आणि विरघळलेलं मांस त्याच वाटेने ओढते. एकच भोक बहुधा पाणढेकणाचं, कारण त्याला एकच सोंड. म्हणजे एक चोर नव्हता, टोळी होती. अख्खा मेलेला टॅडपोल एकही मिळाला नाही, तिथेच औषधाचा संशय मिटला.

भेकाचा टॅडपोल कडवट असतो, कातडीत विषारी द्रव्य असतं, म्हणून बरेच मासे त्याला तोंडात घेऊन थुंकतात. म्हणूनच तो भर दिवसा उघड्यावर, थव्याने, काळाकुट्ट रंग मिरवत फिरू शकतो. ही ढाल चावणाऱ्यांविरुद्ध बऱ्यापैकी चालते. सोंड खुपसून आतलं पिणाऱ्याला कातडी चावावीच लागत नाही, त्याच्यापुढे ती फारशी टिकत नाही.

रात्रीची मोजणी

दिवसा या टाक्यात दोन-चार पाणनिवळ्यांखेरीज काही दिसत नव्हतं. माळ्याने मात्र आधीच सांगून ठेवलं होतं, "रात्री लाइटावर लय मोठा किडा येते जी. पाण्यात गेला का दिसतच नाही." घरच्यांनी ते झुरळ असेल म्हणून सोडून दिलं होतं.

मोजणी रात्री ९ ते ११ या वेळात करायची. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागद बांधला की किडे लगेच खाली पळत नाहीत. आधी दहा मिनिटं नुसतं बघायचं, देठ आणि भिंतीचे कोपरे. मग १ मिलिमीटर जाळीची मत्स्यालयाची जाळी भिंतीलगत १ मीटर ओढायची, पांढऱ्या टबात उलटी करायची, मोजायचं, पुढची ओढ. पाणी टाक्यातलंच वापरायचं. हात जाळीत घालायचा नाही. लांब चिमटा आणि जाड रबरी हातमोजे असल्याशिवाय हे काम करू नये. कारण खाली येतंच.

बारा ओढींमध्ये मिळालं ते असं: चतुरांच्या अळ्या तीसेक, लहान पाणढेकूण १९ (त्यातल्या चौघांच्या पाठीवर अंडी), पाणभुंग्यांच्या अळ्या ७, पाणविंचू २, आणि पाठीवर उताणे पोहणारे बारीक किडे इतके की मोजणं सोडून दिलं.

मोठा पाणढेकूण मात्र जाळीत आला नाही, तो देठावर दिसला. लेथोसेरस इंडिकस, सुमारे ७ सेंटिमीटर, वाळक्या पानासारखा तपकिरी आणि चपटा. डोकं खाली, मागची बाजू वर, पोटाच्या टोकाच्या दोन आखूड पट्ट्या जेमतेम पाण्याच्या पातळीला टेकलेल्या; श्वास तिथूनच. पुढच्या दोन जाड पायांत त्याने एक लहान पाणबेडूक छातीशी आवळला होता आणि सोंड बेडकाच्या मानेमागे होती. बेडकाने मागचे पाय दोनदा झटकले, तिसऱ्यांदा नुसती बोटं ताणली गेली, मग तेही थांबलं. किडा हलला नाही. मधूनमधून सोंड थोडी बाहेर यायची आणि अर्ध्या सेंटिमीटरवर पुन्हा आत जायची. तासाभराने बेडकाची मांडी सैल मोज्यासारखी लोंबत होती, आत हाडं तेवढी. शेजारच्याच देठावर, पाण्याच्या वर चार बोटं, ज्वारीच्या दाण्याएवढी अंडी दाटीने चिकटवलेली होती. या जातीत नर अंड्यांची राखण करतो, वर चढून त्यांना ओलं ठेवतो. लहान पाणढेकणात (डिप्लोनिकस रस्टिकस) मादी सरळ नराच्या पाठीवरच अंडी डकवते, म्हणून ते चौघे तसे दिसत होते.

पाणविंचवाबद्दल एक खुलासा, कारण घरात सगळ्यात जास्त धसका त्याचाच होता. त्याच्या मागची लांब काडी नांगी नाही, श्वासाची नळी आहे. टोचतो तो पुढून, सोंडेने. आणि घरच्या मुलाला फोनवर मिळालेला तो 'बेडकाला फसवणाऱ्या अळी'चा व्हिडिओ या प्रकरणाला लागू नाही. ती एपोमिस नावाच्या जमिनीवरच्या भुंगेऱ्याची अळी. इस्राएलमधल्या संशोधकांनी २०११ साली तिचं वर्तन प्रसिद्ध केलं: ती मिशा आणि जबडे हलवून बेडकाला जवळ बोलावते, त्याने जीभ टाकली की चुकवून त्यालाच चिकटते. विलक्षण प्रकार आहे, पण पाण्यातल्या टॅडपोलांशी तिचा संबंध नाही.

लाइट आणि जुनं पाणी

एवढे शिकारी एका टाक्यात जमले कसे? इथे दोन कारणं एकमेकांवर चढली.

पहिलं कारण भिंतीवर होतं. टाक्याच्या वर अडीच मीटरवर पांढऱ्याफेक प्रकाशाचा ३० वॉटचा एलईडी फ्लडलाइट, संध्याकाळी सात ते सकाळी सहा चालू, आणि तोंड थेट पाण्याकडे. मोठे पाणढेकूण आणि पाणभुंगे रात्री उडून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातात. झगझगीत पांढऱ्या-निळसर उजेडाकडे ते ओढले जातात, आणि खाली चकाकणारं सपाट पाणी दिसलं की उतरतात. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश आडव्या पातळीत ध्रुवीभूत असतो, म्हणजे त्याच्या लहरी बहुतांशी आडव्याच कंपतात; त्यावरूनच त्यांना पाणी ओळखू येतं. म्हणूनच ते कधी कारच्या टपावर आणि काळ्या प्लास्टिकवरही आपटतात. वर लाइट आणि त्याच्याच खाली टाकं, म्हणजे आमंत्रण आणि पंगत एकाच जागी.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आणि कोणाच्या लक्षात न येणारं. कमळ वाळू नये म्हणून या टाक्यात उन्हाळाभर पाणी राखलं होतं. चतुरांच्या मोठ्या अळ्या, दोन-अडीच सेंटिमीटरच्या, पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात घातलेल्या अंड्यांतून इतक्या लवकर होत नाहीत. त्या आधीपासून तिथे होत्या, भुकेल्या आणि पूर्ण वाढत आलेल्या. भेकाचा सारा हिशेब याच्या उलट असतो. तो पहिल्या पावसाच्या ताज्या डबक्यात अंडी घालतो, कारण ते डबकं काल कोरडं होतं आणि तिथे खाणारं अजून कोणी नाही. शिकारी येऊन वाढेपर्यंत टॅडपोल पाय फुटून बाहेर पडलेले असतात. बारमाही टाक्याने ही आघाडीच काढून घेतली. वर वर पाहता टाकं डबक्यापेक्षा कितीतरी चांगलं, स्वच्छ, खोल, कमळाचं. भेकाच्या पिल्लांसाठी ते सापळा होतं.

धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात याच जातीच्या टॅडपोलांसोबत चतुराच्या अळ्या ठेवून प्रयोग झाले आहेत. शिकाऱ्याचा वास आणि जखमी भाईबंदांचा वास पाण्यात आला की टॅडपोल हालचाल कमी करतात. हालचाल कमी म्हणजे खाणंही कमी. या टाक्यात उरलेले शे-दोनशे टॅडपोल मरगळलेले, कोपऱ्यात चिकटून बसलेले होते, त्याचं कारण आजार नव्हे.

काय केलं

जुलैच्या मध्यावर टाकं वाळवणं शक्य नव्हतं, म्हणून चार गोष्टी.

लाइट त्याच रात्री बंद. नंतर तो काढून ७ वॉटचा पिवळा दिवा, २,७०० केल्विनच्या खालचा, टाक्यापासून ९ मीटर लांब, तोंड जमिनीकडे, हालचालीने लागणारा. पहिल्या प्रयत्नात दिवा समोरच्या भिंतीवर गेला आणि उजेड भिंतीवरून पाण्यावर पडत राहिला. दोन रात्रींनी पुन्हा एक मोठा पाणढेकूण आला. पाण्यात दिव्याचं प्रतिबिंब दिसत असेल तर दिवा चुकीच्या जागी आहे, एवढी साधी कसोटी पुरते.

वेचणी एक आड एक रात्री, तीनदा. मोठे पाणढेकूण, पाणभुंग्यांच्या अळ्या आणि दोन सेंटिमीटरच्या वरच्या चतुराच्या अळ्या एवढंच काढायचं. अंड्यांचा देठ कापून वेगळ्या बादलीत. प्रत्येक किडा वेगळ्या डब्यात. एका बादलीत टाकले तर सकाळी एकच उरतो. मग पाच-सहा किलोमीटरवरच्या, आजूबाजूला दिवे नसलेल्या बारमाही पाण्यात सोडायचं. मारण्याचं कारण नाही. मणिपूरमध्ये याच मोठ्या पाणढेकणाची चटणी होते, थायलंडमध्ये तो बाजारात विकत मिळतो. तळ्यात त्याची जागा आहे, फक्त फ्लडलाइटखाली नाही. चावला तर मात्र जबर वेदना होते आणि ती काही तास टिकते. साबणाने धुऊन थंड पाण्याची पट्टी; सूज वाढत गेली किंवा धाप लागली तर लगेच डॉक्टरकडे.

तिसरं, उरलेल्यातले १०० टॅडपोल १०० लिटरच्या प्लास्टिक टबात. लिटरला एक हे प्रमाण गाठायचं, जास्त नाही. नळाचं पाणी उघड्या टबात दोन दिवस ठेवलेलं, किंवा सरळ पावसाचं. दर तिसऱ्या दिवशी एक तृतीयांश पाणी बदलायचं. सगळं एकदम बदललं की ताज्या क्लोरीनने एका दुपारीत खेळ संपतो. खायला पालकाचं एक पान उकळून, बारीक करून, सकाळी थोडं आणि संध्याकाळी थोडं. चार तासांत संपलं नाही तर ते काढून टाकायचं, कारण सडलेला पालक प्राणवायू ओढून घेतो. टब सकाळच्या उन्हात, अकरानंतर सावलीत. वर मच्छरदाणीचं कापड, पण ताणून बांधलेलं. झोळ पडून कापड पाण्याला टेकलं की वरून बसलेला किडा त्यातूनही सोंड घालू शकतो.

चौथं, बाहेर पडायची वाट. टाक्याच्या भिंती सरळ उभ्या होत्या आणि पाणी काठाच्या १५ सेंटिमीटर खाली. पुढचे पाय फुटले की पिल्लाला हवेतला श्वास लागतो, शेपटी अजून असते, पोहणं जमेनासं होतं. बाहेर पडता आलं नाही तर ते बुडतं. दोन कोपऱ्यांत विटांचा उतार आणि त्यावर ओलं पोतं, एक टोक पाण्यात, एक मातीत. फळी चालत नाही, कोरडी पडते आणि पिल्लं वरून घसरतात.

टबातली चूक

पहिले चार दिवस टब उत्तम चालला. पाचव्या दिवशी ३० टॅडपोल कमी. कापड जागेवर, झोळ नाही, पक्षी नाही. तळाशी पुन्हा तीच रिकामी सालपटं.

टॅडपोलांना चरायला म्हणून टाक्यातलं शेवाळ मूठभर टबात टाकलं होतं. त्या शेवाळात पाणभुंग्याची अळी आली. आली तेव्हा ती तांदळाच्या दाण्याएवढी असेल, सापडली तेव्हा दोन सेंटिमीटर. या अळ्या किती झपाट्याने वाढतात आणि दिवसाला किती फस्त करतात, हे टबासारख्या बंद जागेत डोळ्यांनी दिसतं: टॅडपोलांना पळायला जागा नसते आणि अळीला शोधावं लागत नाही. शिकाऱ्यांपासून वाचवायला केलेला टब एका शिकाऱ्यासकट बंद झाला की टाक्यापेक्षा वाईट. शेवाळ हवंच असेल तर भिजवलेल्या विटेवर किंवा कौलावर उन्हात वेगळं वाढवावं. टाक्यातलं आणायचंच असेल तर पांढऱ्या ताटलीत पसरून, वर थोडं पाणी घेऊन पाच मिनिटं थांबावं; जे वळवळतं ते चमच्याने काढावं.

काठावरच्या मुंग्या

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पिल्लं बाहेर पडू लागली, एकेक जेमतेम एक सेंटिमीटर. पावसाच्या संध्याकाळी एकदम वीस-पंचवीस निघायची. पहिल्या दिवशी त्यातली बरीच पोत्याच्या वरच्या टोकाला मेलेली होती, अंगाला लाल मुंग्या लागलेल्या. पोत्याचं टोक नेमकं मुंग्यांच्या वारुळाशेजारच्या कुंडीजवळ सोडलं होतं.

उघड्या, उन्हाच्या, खणलेल्या मातीत घर करणारी ही लाल आगमुंगी (सोलेनॉप्सिस जेमिनाटा) मुळात अमेरिका खंडातली, आता आपल्याकडे सगळीकडे आहे. नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू ओलं, मऊ आणि संथ असतं. पूर्ण वाढलेला भेक याच मुंग्या ओळीने टिपून खातो. पहिल्या दोन-तीन दिवसांत मात्र खाणारा आणि खाल्ला जाणारा यांची अदलाबदल असते. मुंगीची पावडर टाकू नये, पहिल्या सरीसरशी ती टाक्यात उतरते. वारुळावर ३-४ लिटर उकळतं पाणी सकाळी लवकर, दोन दिवसांनी पुन्हा. झाडाच्या मुळाशी असेल तर हेही नको. त्यापेक्षा पोत्याचं टोक फिरवून ते ओल्या पालापाचोळ्याच्या ढिगात सोडलं, अर्धा मीटर रुंद, हातभर जाड. पिल्लं थेट त्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. दिसेनाशी होणं इथे चांगलं लक्षण.

डासांचं काय?

हा प्रश्न घरात पहिल्या दिवसापासून होता आणि नागपुरात पावसाळ्यात तो रास्तच आहे. टाक्यात गप्पी मासे सोडावेत असा शेजारचा सल्ला होता. गप्पी डासांच्या अळ्या खातात आणि बेडकांची अंडी व नुकते फुटलेले टॅडपोलही टोचतात. लहान पाणढेकूण आणि उताणे पोहणारे किडे डासांच्या अळ्यांचे मोठे गिऱ्हाईक आहेत, म्हणूनच ते वेचणीतून वगळले होते. एका रात्री उत्साहाच्या भरात कोणीतरी तेही सगळे उपसले. सहा दिवसांत भिंतीच्या कडेला डासांच्या अळ्या लवलवू लागल्या. सायपरमेथ्रिनसारख्या कीटकनाशकाची फवारणी पाण्याजवळही नको, टॅडपोल ती अगदी थोड्या मात्रेतही सोसत नाहीत. औषध टाकायचंच असेल तर बीटीआय, म्हणजे डासांच्या अळीवर चालणारा जिवाणू, पाकिटावरच्या मात्रेत.

डराव डराव करणाऱ्या नरांच्या नाकाडावर आणि पापण्यांवर रात्री बारीक डास बसलेले दिसतात. युरॅनोटेनिया गटातल्या काही जातींचे डास बेडकाचा आवाज ऐकूनच त्याच्यापर्यंत पोचतात, माणसाच्या वाट्याला ते क्वचित जातात. डेंग्यूचा डास तो नव्हे. तो कुंड्यांखालच्या ताटल्यांत आणि कूलरच्या टाकीत वाढतो. या घरात कूलर जुलैतही अर्धा भरलेला होता.

पुढच्या वर्षासाठी

टाक्यातून आणि टबातून मिळून किती पिल्लं बागेत गेली, याचा नेमका आकडा पालापाचोळ्यात हरवला. टबातून मोजून ५२ सोडली.

खरं काम मे महिन्यातलं आहे. नवतपा लागला की, म्हणजे २५ मे ते २ जून, टाकं रिकामं करायचं. कमळाचे कंद चिखलासकट घमेल्यात काढून, वर ओलं पोतं टाकून सावलीत ठेवायचे, रोज पाणी मारायचं. टाक्याच्या तळाचा गाळ पसरून त्याच्या खपल्या उलट्या वळेपर्यंत ऊन द्यायचं; नागपुरात याला आठ दिवस पुरतात. चतुरांच्या अळ्या त्यात जगत नाहीत, पाणढेकूण आणि पाणभुंगे उडून जातात. मग मोह आवरायचा: जूनच्या पहिल्या आठवड्यात नळाने भरायचं नाही. पहिला जोराचा पाऊस बरसला की त्याच संध्याकाळी कंद परत लावायचे आणि पावसाच्या भरीला साठवलेलं पाणी हातभर उंचीपर्यंत सोडायचं, दिवा बंद ठेवून. भेक त्याच रात्री येतात.